बंधाऱ्यातली हळद

१

गावी गेले की सकाळचा चहा मी बंधाऱ्यावर पिते. आई पेल्यावर ताटली झाकून देते आणि म्हणते, "जा, बघून ये तुझं धरण." आमची वाडी घाटघरच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत. वाडीच्या वर दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा बंधारा घालून तळं अडवलंय. ते माझं नाही, सगळ्या वाडीचं आहे. पण मी अवसरीला इंजिनिअरिंगच्या पोरांना माती आणि धरणं शिकवते, म्हणून घरात ते माझंच झालंय.

चहा पिता पिता मी बंधारा चालून बघते. उतारावर झुडपं माजलीत का, खेकड्यांनी बिळं पाडलीत का, माथ्यावर कुठं चीर दिसते का. शेवटी पायथ्याशी जाते. तिथं एक ओलसर जागा आहे, अळूची पानं वाढतात. मातीचं धरण थोडं पाझरणारच. पाझर नितळ असेल तर निर्धास्त राहायचं. पाण्याबरोबर आतली माती येऊ लागली तर मात्र धरण पोखरतंय असं समजायचं. हे मी पोरांना दरवर्षी सांगते.

यंदा भात काढून झाल्यावर गेले ती धाकट्या भावाच्या, ऋतिकच्या लग्नाला. मुलगी पिंपळवंडीची, संस्कृती. तळं काठोकाठ भरलेलं होतं. बंधाऱ्याच्या पायथ्याशी आमची मोठी खाचरं रिकामी झाली होती आणि माझ्या वडिलांनी, आण्णांनी तिथंच मंडप घातला होता. एवढी सपाट जागा डोंगरात दुसरी कुठली? वरच्या शाळेचं पटांगण आहे, पण तिथं चढ चढून जायचं.

मी उतारावर दगडावर बसले होते. खाली मंडपाच्या कळकांवर झालर वाऱ्यानं फडफडत होती. आणि बायकांचं हळदीचं गाणं ऐकू येत होतं. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची. मध्येच कुणीतरी हसून ओळ चुकवत होतं. मला वाटलं, आमच्या बायकांना भारीच घाई झाली!

घरी आले तर आई, भागू आत्या आणि शेजारणी ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या.

"गाणं का थांबवलंत?" मी विचारलं.

"कुठलं गं गाणं?" भागू आत्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माझा घसा बसलाय कालपासनं. हळदीला मला गरम पाणी देत ऱ्हावा, न्हाईतर मुक्यानंच लगीन लावावं लागंल."

२

भागू आत्या म्हणजे आण्णांची थोरली बहीण. अख्ख्या पट्ट्यात तिच्यासारखी हळदीची गाणी कुणाला येत नाहीत. तिचा घसा बसला म्हणजे लग्नघरात वीज गेल्यासारखं झालं होतं. कुणी आलं देत होतं, कुणी मध. ऋतिक म्हणाला, "आत्या, मोबाईलवर लावू गाणी."

"तुझ्या मोबाईलला नवऱ्याचं नाव घेता येतंय का गाण्यात?" आत्यानं त्याला लसणाची पाकळी फेकून मारली. "माझ्या गाण्यात नाव असतंय. नाव न्हाई तर हळद कुणाला लागायची?"

सगळ्या हसल्या. मग तोफ माझ्याकडं वळली. आता अक्षदाचा नंबर, पोरगा हाय का बघितलेला, का पोरांना शिकवता शिकवताच म्हातारी होणार. मी लसूण सोलत राहिले. लग्नघरात हे चालायचंच.

ते गाणं कुठून आलं हे मी मनाशी सोडवून टाकलं होतं. थंडीच्या सकाळी पाण्यावरची हवा गार असते, वरची उबदार. अशा वेळी आवाज वर उडून न जाता पाण्यालगत लांबवर पोचतो. पलीकडच्या वाडीतही लग्न असेल. वर्गात एखादं गणित सुटावं तसं बरं वाटलं.

फक्त एकच होतं. मी तळ्याकडं पाठ करून बसले होते. गाणं मागून, पाण्यावरून आलं नव्हतं. ते माझ्या बसायच्या दगडाखालून आलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी सगळी बस्त्याला जुन्नरला गेली. मी घर सांभाळायला थांबले. दुपारी वाडीत एवढी सामसूम होती की कोंबड्यांच्या पायांखालचा पाचोळा ऐकू यावा. मी कडी लावली आणि बंधाऱ्यावर गेले. मनात म्हटलं, आज घरात कुणी नाही. आता आवाज आला तर तो आपल्या घरचा नाही.

उताराच्या मध्यावर गवतात आडवी झाले आणि कान मातीला लावला.

आधी नुसता माझ्याच कानाचा घूं आवाज. मग खोबरं किसल्याचा. मग बांगड्या. कुणीतरी मोठं पातेलं जमिनीवरून सरकवलं. पोरं धावत गेली, कुणीतरी त्यांच्यावर ओरडलं, आणि ओरडणारीच हसली. आत खूप माणसं होती. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, माझ्या चेहऱ्यावर हसू होतं. इतकं आनंदी घर मी कधी ऐकलं नव्हतं. कुणी कुणाशी रुसलेलं नव्हतं, कुणी दमलेलं नव्हतं. दार ढकलावं आणि आत जाऊन बसावं, असंच वाटत होतं.

गवताची काडी नाकात गेली आणि मी शिंकले.

आत सगळं थांबलं. किसणी थांबली. बांगड्या थांबल्या.

मग अगदी जवळून, दाराच्या पलीकडून बोलावं तसा एका बाईचा हलका आवाज आला, "आली वाटतं."

आणि पुष्कळ पावलं माझ्या बाजूला धावली.

मी उठले नाही, घसरतच खाली आले. हात सोलले, चप्पल वरच राहिली. पायथ्याच्या अळूत जाऊन आदळले तेव्हा पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेले. पाणी गार होतं. मी खाली बघितलं आणि ती पावलं क्षणभर विसरले.

कालपर्यंत नितळ असलेला पाझर दुधाच्या चहासारखा झाला होता. जिथून पाणी उसळत होतं तिथं बारीक मातीचं वारूळ जमलं होतं. ती माती पायथ्याची तांबडी नव्हती. ती काळी होती, बंधाऱ्याच्या पोटातली.

४

आण्णा जुन्नरहून परतले तेव्हा मी रस्त्यावरच उभी होते. आण्णांचं नाव हौशीराम. उभं आयुष्य भातात आणि नाचणीत गेलेला माणूस. आवाजाचं मी काही बोलले नाही. म्हटलं, "आण्णा, बंधारा पोखरतोय. पाझरातून माती येतीय. मंडप खालून हलवायला लागंल. खालच्या घरांतली माणसंपण."

"अगं, लगीन तोंडावर आलं," ते म्हणाले. "पत्रिका वाटल्या. पाझर तर मी ल्हान व्हतो तवापासनं हाय."

"पाझर होता. माती नव्हती."

मग ते माझ्याबरोबर आले. वाकून त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, बोटांत माती चोळली. मग उतारावर चढले. म्हणाले, "आत पाण्याची धार चालती का ऐकतो." आणि मला अडवायचं सुचायच्या आत त्यांनी टोपी काढून कान मातीला लावला होता.

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. आधी भुवया आक्रसल्या. मग ते किंचित हसले, मी हसले होते तसेच. मग ते हसू जागच्या जागी राहिलं आणि बाकी चेहरा बदलला. बराच वेळ ते तसेच होते. उठले तेव्हा त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि माझा दंड घट्ट धरला.

"काय ऐकलं?" मी विचारलं.

"मंडप हलवायचा," ते म्हणाले. "आत्ताच. आणि तू आता हिकडं यायचं न्हाई."

"मी नाही यायचं? आण्णा, वाडीत हे कळणारी मी एकटी आहे!"

"मला काय बी सांगू नको. तू न्हाई यायचं."

पाटबंधारे खात्याच्या साहेबांना मी फोन लावला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, खालची घरं लगेच रिकामी करा, जमेल तसं पाणी उतरवा, मी पहाटे निघतो. तळ्याचा लोखंडी दरवाजा आमच्या पोरांनी फिरवून उघडला, पण त्याच्या तोंडाशी गाळ बसलेला. पाणी येत होतं ते करंगळीएवढं. तेव्हा आण्णांनी पिंपळवंडीला, व्याह्यांना फोन केला. लग्नाआधी वरपक्षानं वधूपक्षाकडं मागणं करायचं म्हणजे त्यांना फार जड गेलं. पण ते एवढंच म्हणाले, "दादाभाऊ, पंप हायेत का तुमच्याकडं?"

५

दादाभाऊ टोमॅटोचे शेतकरी. त्यांनी पंप किती पाहिजेत एवढंसुद्धा विचारलं नाही. सकाळी ऊन वर यायच्या आत घाटाच्या रस्त्यानं ट्रॅक्टरची रांग चढून आली. ट्रॉल्यांत डिझेलचे पंप, पाइपांची वेटोळी, रिकामी पोती, वाळू, खडी. पोत्यांच्या ढिगावर वऱ्हाड बसलेलं. नवरीचे मामा, काका, चुलतभाऊ, आणि एका कोपऱ्यात बँजोवालेसुद्धा. त्यांची सुपारी उद्याची होती, पण गाडी येतीय म्हटल्यावर तेही बसून आले.

"व्याही!" दादाभाऊ खाली उडी मारून ओरडले. "वऱ्हाड एक दिस आधी आलं, जेवायला हाय का काय?"

शेवटच्या ट्रॅक्टरवरून ड्रेस घातलेली, ओढणी कमरेला खोचलेली एक मुलगी उतरली आणि पंपाचं झाकण उघडून बघायला लागली. भागू आत्यानं कपाळाला हात लावला.

"अगं बाई! नवरी! लग्नाआधी सासरचा उंबरा?"

"उंबरा कुठं ओलांडला आत्या?" संस्कृती म्हणाली. "मी आज पाणी काढायला आले. नांदायला उद्या येते."

आत्याच्या बसलेल्या घशातून हसू फुटलं ते खोकल्यासारखंच निघालं. ऋतिक लांब उभा राहून कानापर्यंत लाल झाला होता.

साहेब आले, त्यांनी पायथा बघितला. "बरोबर चाललंय," ते वर येऊन मला म्हणाले. "पाणी सांडव्याकडं काढा, बंधाऱ्याच्या अंगावर नको. पायथ्याला तुम्ही सांगता तसंच करू." मग तेही बाह्या वर करून पंपांपाशी कामाला लागले.

पंप सुरू झाले. सगळ्या डोंगरात धडधड भरली. सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाजूनं जायच्या चरातून पाणी उड्या मारत ओढ्याला निघालं. दुसऱ्या बाजूला पोती भरण्याचं काम. म्हाताऱ्या बायका वाळू ओतत होत्या, बस्त्याच्या नव्या साड्यांची खोकी शाळेत रचली जात होती, मंडपाचे कळक खांद्यावरून वर चालले होते. खालच्या घरांतली माणसं, शेरडं, कोंबड्या शाळेच्या पटांगणात जमली. आई म्हणाली, एवढी माणसं लग्नाच्या दिवशीसुद्धा नसती आली.

आणि मी पटांगणात उभी होते, आण्णांच्या हुकमानं. खाली पायथ्याशी माणसं वारुळावर थेट पोती टाकत होती. तोंड बुजवलं तर पाणी दुसरीकडून फुटणार. मला ते वरून दिसत होतं. मी धावत सुटले.

६

आण्णांनी मला वाटेत गाठलं. मला वाटलं, आता हाताला धरून मागं नेतील. ते धापा टाकत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, खाली माणसांकडं बघितलं, आणि ट्रॉलीवरचा दोर ओढून माझ्या कमरेला गाठ मारली.

"पाय घसरंल म्हणून," ते म्हणाले. दोराचं दुसरं टोक त्यांनी स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं.

सपाटीवर पाय घसरण्यासारखं काही नव्हतं. पण भांडायला वेळ नव्हता.

"पोती काढा!" मी ओरडले. "तोंड बुजवू नका. पाणी जाऊ द्या, माती अडवा." भोवतीनं पोत्यांचं कडं केलं. आत आधी वाळू, वाळूवर खडी, खडीवर दगड. चहा गाळतो तसं. मी गुडघ्यांवर बसून हातानं वाळू पसरत होते आणि हाताखाली ती जिवंत असल्यासारखी हलत होती.

तेव्हा गाणं पुन्हा आलं. एवढे पंप चालू असताना ते यायला नको होतं. ते कानातून येतच नव्हतं, वाळूतून तळहातांत, तळहातांतून वर खांद्यांत येत होतं. शब्द कळत नव्हते, पण ओळ खूप पुढं गेलेली होती. आता ते पहिल्या दिवशीसारखं हसत ओळ चुकवण्याचं गाणं नव्हतं. नवरीला पाटावर बसवलं की म्हणतात तसं, दाटून आलेलं. माझे हात वाळूत मनगटापर्यंत गेले. कोणी ओढले असं मी म्हणणार नाही. भुसभुशीत वाळूत हात जातातच. फक्त ती आतली वाळू उबदार होती.

कमरेला हिसका बसला. मी मागं आपटले.

"वाजवा रे!" आण्णा बँजोवाल्यांवर गरजले. मी आयुष्यात त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "गप का बसलाय? लग्नाला आलाय न्हवं? वाजवा! जोरात!"

बँजोवाले दचकले आणि सुटले. ताशा कडाडला. पोती वाहणारे तालावर वाहायला लागले. दादाभाऊंनी खांद्यावर पोतं घेऊन एक गिरकी मारली, संस्कृतीनं शिट्टी वाजवली. बघता बघता पायथ्याशी नाचच सुरू झाला, नाचता नाचता खडी पडत होती, दगड लागत होते. त्या गदारोळात खालचं काही ऐकू येईना. आण्णा मात्र नाचत नव्हते. ते दोर धरून उभे होते आणि ताशा जरा मंदावला की पुन्हा ओरडत होते, "वाजवा!"

ऊन डोंगराआड गेलं तेव्हा दगडांतून पाणी नितळ येत होतं. साहेबांनी ओंजळीत घेऊन सगळ्यांना दाखवलं. टाळ्या पडल्या. तळं निम्म्याच्या खाली गेलं होतं.

लग्न शाळेच्या पटांगणात लागलं. अक्षता टाकताना माझे हात खरचटलेले होते, नवरीच्या नखांत पंपाचं ग्रीस होतं आणि भागू आत्याचा घसा अचानक मोकळा झाला होता. तिनं ऋतिकचं आणि संस्कृतीचं नाव गुंफून अशी गाणी म्हटली की पिंपळवंडीच्या बायका रडल्या. जेवणं संध्याकाळपर्यंत चालली. तेवढं सुखाचं लग्न आमच्या वाडीत कुणी बघितलं नाही, असं अजून सांगतात.

७

तळं पुरतं आटवल्यावर बंधारा खोदून नव्यानं भरायचा ठरला. मी सुट्टी काढून गेले. आण्णा आता नको म्हणाले नाहीत, फक्त माझ्या शेजारी उभे राहिले.

मशीन उताराच्या मध्यावर माती उचलत होतं. एका घासाला बादली आत गेली आणि मोकळीच बाहेर आली. ड्रायव्हरनं मशीन बंद केलं.

"पोकळी हाय मॅडम," तो म्हणाला. "केवढी मोठी!"

अशी पोकळी होते. पाणी आतून माती नेतं, वरचा थर छतासारखा तरंगत राहतो. मी हे फळ्यावर काढून दाखवते. मी पुढं होऊन वाकले.

आत तिरपं ऊन गेलं होतं. आत खोली होती. भिंती गुळगुळीत; पाण्यानं होतात गुळगुळीत. खाली भुई सपाट होती आणि भुईवर हाताच्या पंज्यांनी ओढलेले अर्धे अर्धे गोल, एकाला एक लागून, कोपऱ्यापर्यंत. सारवण. ते अजून ओलं होतं. मधोमध मातीचा एक बुटका चौथरा, पाटाएवढा. त्याच्याभोवती बसायला जागा सोडलेली. चौथऱ्यावर पिवळं काहीतरी सांडलेलं होतं. आमच्या मातीत पिवळे पट्टे असतात.

"आण्णा," मी वळून न बघता विचारलं, "तुम्ही काय ऐकलं होतं त्या दिवशी?"

ते माझ्या जवळ सरकले.

"हळद चालली व्हती," ते म्हणाले. "लई गोड आवाज. गाण्यात नाव कुणाचं घेत्यात म्हणून कान देऊन ऐकलं." त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. "आमच्या अक्षदाबाईला, आमच्या अक्षदाबाईला, असं म्हणत व्हत्या. पुन्हा पुन्हा. लई मायेनं."

ड्रायव्हर लांब विडी पेटवत होता. तळ्याच्या कोरड्या चिखलात बगळे फिरत होते.

आण्णा पुढं गेले. पोकळीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी टोपी काढली, आणि दारात आलेल्या स्थळाला नकार द्यावा तशा अदबीनं आत बघून बोलले.

"पावणं, राग मानू नका. तुमी लई हौसेनं तयारी केली, ती मी ऐकली. पर पोरगी आमची हाय. तिचं लगीन तिच्या मनावर हाय, तिला करायचं तवा ती करंल, न्हाई तर न्हाई करणार. आमी द्यायचं म्हणलेलं न्हाई आन् तिनं बी व्हय म्हणलेलं न्हाई. आता नाव घेऊ नका तिचं."

मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. वर्षानुवर्षं सगळ्या घरानं मला विचारून छळलं होतं; आण्णांनी एकदासुद्धा तोंड उघडलं नव्हतं. आज उघडलं ते इथं.

आत काहीच नव्हतं. ऊन, माती, ओलावा. मग खोलवरून, जिथं ऊन पोचत नव्हतं तिथून, बांगड्या एकदा वाजल्या, कुणी उठून उभं राहावं तशा. आणि बायकांनी गाणं धरलं. अगदी हळू, आतल्या आत दूर जात असलेलं. या वेळी मला शब्द नीट कळले. हळदीचीच ओळ होती. नावाची जागा आली की त्या थांबत होत्या, तेवढी जागा मोकळी सोडत होत्या आणि पुढं म्हणत होत्या.

आण्णांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा घामानं भिजला होता, पण चेहरा हसरा होता, पोरीची बाजू घेऊन भांडण जिंकलेल्या बापाचा.

"भर माती," त्यांनी ड्रायव्हरला हाक दिली. "चांगली काळी घाल. दाबून घाल."